तीस इंची टेबल आणि अवघडलेले खांदे

सुताराला ‘कॉम्प्युटरसाठी टेबल करून द्या’ म्हटलं की तो उंची विचारत नाही. अडीच फूट, म्हणजे ३० इंच, हे माप त्याच्या हातात बसलेलं असतं. दुकानातली तयार टेबलं आणि घरातलं डायनिंग टेबलही याच मापाच्या आसपास. जेवायला, लिहायला ते चालतं. दिवसाचे आठ तास टाइप करायला मात्र बहुतेकांना ते उंच पडतं, आणि संध्याकाळी खांदे दगडासारखे होतात त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं. म्हणून नवी खुर्ची मागवण्याआधी घरातला टेप काढा.

पावलं पूर्ण टेकतील आणि मांड्या जमिनीला समांतर राहतील असं खुर्चीवर बसा. खांदे सैल, दंड अंगालगत सरळ खाली, कोपरात काटकोन. आता घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून कोपराच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. पाच फूट दोन इंच उंचीच्या व्यक्तीचं हे माप साधारण २४ ते २५ इंच भरतं, सहा फुटी माणसाचं २८-२९. बोटं कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली हवीत, आणि कीबोर्डची जाडीही धरायला हवी. म्हणजे पाच फूट दोन इंचवाल्या बाईला हवं असतं जेमतेम २४ इंची टेबल, मिळतं ३० इंची. मधले पाच-सहा इंच भरून काढायला ती नकळत खांदे वर उचलून धरते. दहा मिनिटं काही वाटत नाही; चार तासांनी मान वळवता येत नाही. टायपिंग इन्स्टिट्यूटमधली टाइपरायटरची टेबलं लिहिण्याच्या टेबलांपेक्षा बुटकी असत, ती याच कारणासाठी.

टेबल नव्याने करून घेत असाल तर सुताराला स्वतःचं माप द्या. १९ एमएमचं प्लाय, खोली किमान २४ इंच, आणि मधोमध ड्रॉवर नको. हे ठासून सांगा, कारण चार इंची ड्रॉवर मांड्यांना घासतो आणि मग खुर्ची वर घेण्याचा मार्गच बंद होतो. पुढच्या कडेचा सनमायका काटकोनात राहिला तर मनगटाखाली रुततो. कड गोल करून घ्या. आहे त्या टेबलाची कड टोचत असेल तर एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी हार्डवेअरच्या दुकानातून आणा, लांबीत चिरा आणि कडेवर बसवा.

जुनंच टेबल ठेवायचं असेल तर खुर्ची वर घ्या, कोपर कीबोर्डच्या पातळीला येईपर्यंत. आता पावलं अधांतरी लटकतील, आणि ती तशीच ठेवली की बैठकीची पुढची कड मांडीखाली दाबून पायाला मुंग्या येतात. जेवढी खुर्ची उचलली तेवढाच उंच आधार पायांखाली हवा. एक पाट दीड-दोन इंचांचा, तो पुरत नाही. पाच-सहा इंची चौरंग उत्तम: दोन्ही पावलं ऐसपैस मावतात आणि अधूनमधून हलवता येतात. फरशीवर तो सरकतो, म्हणून खाली रबरी मॅटचा तुकडा घाला. प्लास्टिकच्या खुर्चीवर उंची वाढवायला मऊ उशी घेऊ नका, ती तासाभरात बसते. सतरंजीची घट्ट घडी टिकते.

खुर्चीबद्दल दोनच गोष्टी. पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खाच यांत तीन बोटं जागा हवी. ती नसेल तर बैठक तुमच्यासाठी खोल आहे, मग कमरेच्या बाकामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून पुढे या. आणि खुर्ची बसल्यावर हळूहळू खाली जात असेल तर आपण ज्याला ‘हायड्रॉलिक’ म्हणतो ती गॅसची नळी गळते आहे. फक्त नळी बदलून मिळते, अख्खी खुर्ची टाकायची गरज नाही.

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान वाकते आणि मान नीट ठेवली तर हात वर जातात. कितीही चांगलं टेबल आणलं तरी हे सुटत नाही. वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यायचाच, आणि लॅपटॉप उचलायचा. बसलेल्या माणसाचे डोळे कोपरापासून साधारण १९-२० इंच वर असतात, लॅपटॉपच्या स्क्रीनची वरची कड टेबलापासून आठ-नऊ इंचांवर. स्क्रीनची कड डोळ्यांच्या थोडी खाली चालते, तेव्हा सहा ते आठ इंच उचललं की झालं. जुन्या दिवाळी अंकांचा सुतळीने आवळलेला गठ्ठा इथे छान बसतो. त्यावर कापड मात्र घालू नका, खालची हवेची भोकं बुजून लॅपटॉप तापतो.

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर हा हिशेब बदलतो. काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मानेचा मागचा भाग आखडतो. अशांनी स्क्रीन आणखी दोन-तीन इंच खाली घ्यावी आणि किंचित मागे कलती ठेवावी. अक्षरं बारीक दिसतात म्हणून पुढे झुकण्यापेक्षा सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार १२५ किंवा १५० टक्के करा.

कीबोर्डचे मागचे पाय मिटवून ठेवा. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला मुडपतं. अक्षरांचा मधला भाग, जी आणि एचची बटणं, बेंबीसमोर हवा. अख्खा कीबोर्ड मधोमध ठेवला तर उजवीकडच्या आकड्यांमुळे अक्षरं डावीकडे सरकतात. याच आकड्यांमुळे माउसही लांब जातो आणि उजवा खांदा दुखतो. आकडे फारसे लागत नसतील तर त्यांच्याविना असलेला कीबोर्ड घ्या. इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या ठरावीक कीबोर्ड-मांडणीत, मराठी लिहिणाऱ्यांच्या करंगळ्यांना जास्त काम पडतं, कारण ख, घ, छ यांसारखी अक्षरं शिफ्टवर आहेत. ती उजव्या हाताची, तेव्हा शिफ्ट डाव्या करंगळीने दाबा. एकाच हाताने दोन्ही दाबायची सवय लागली की मनगट तिरकं होतं.

खिडकी बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्यात पंख्याचा झोत चेहऱ्यावर असला की डोळे चुरचुरतात. टेबल दोन फूट सरकवून बघा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या कशाकडे तरी २० सेकंद बघावं, आणि अर्ध्या तासाने उठावं.

हे सगळं करूनही अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, त्याने रात्री जाग येत असेल, तर मनगटातली शीर दबत असण्याची शक्यता आहे. करंगळी बधिर होत असेल तर कोपर खुर्चीच्या कडक हातावर टेकतं का ते बघा. दोन्हीत दुखणं अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जाताना कामाला बसलेले असतानाचा एका बाजूने काढलेला फोटो सोबत न्या.