आमची वाटचाल: डंख, चटणी आणि शेगडी मसाला

आमचा मूळ धंदा चटणीचा, म्हणजे कांदा-लसूण मसाल्याचा. सासऱ्यांनी कोल्हापुरात डंख, म्हणजे मिरची-मसाला कुटायचं यंत्र, बसवला, तेव्हा बायका घरून देठ खुडलेल्या मिरच्या, खोबरं, तीळ, भाजलेला खडा मसाला घेऊन यायच्या आणि समोर उभं राहून कुटून न्यायच्या. मार्च ते मे जेवायला सवड नसते. एकदा पाऊस लागला की मशीन गप्प. कामगारांना त्या महिन्यांत काय द्यायचं, हा आमच्या घरातला जुना प्रश्न.

वाट दाखवली ती शेतघरावर पार्ट्या करणाऱ्या पोरांनी. थंडीत पन्हाळ्याकडे, राधानगरीकडे शेगड्या पेटतात. ही पोरं कोंबडीला आमचीच चटणी चोळायची आणि नंतर दुकानात येऊन म्हणायची, "काकू, रस्सा एक नंबर होतोय, पण निखाऱ्यावर कडू लागतंय." लागणारच. चटणीतला कांदा तळलेला, खोबरं-तीळ भाजलेले. ती रश्श्यात शिजायला केलेली असते. थेट आचेवर ठेवली की करपते.

माझा भाचा ह्यूस्टनला असतो. त्यानं सुट्टीला येताना तिथल्या ड्राय रबची, म्हणजे भाजण्याआधी मांसाला चोळायच्या कोरड्या मसाल्याची पाकिटं आणली. मागे घटक वाचले तर साखर, मीठ आणि पॅप्रिका सगळ्यात वर. पॅप्रिका म्हणजे मिरचीचीच पूड, रंगाला गडद, तिखटाला मवाळ. ते काम आमची ब्याडगी मिरची कधीपासून करते आहे. मोठ्या उत्साहानं ते रब आमच्या शेगडीवर लावलं, तर तेही काळं पडलं.

कारण भाच्यानंच सांगितलं. टेक्ससमध्ये ब्रिस्केटचा, म्हणजे गोमांसातल्या छातीच्या भागाचा मोठा तुकडा लाकडाच्या धुरावर 110 ते 120 अंश सेल्सियसला दहा-बारा तास ठेवतात. तिथे बऱ्याच ठिकाणी नुसतं मीठ आणि जाडसर मिरीच लावतात. गोड रब बरगड्यांना लावलं तरी एवढ्या मंद आचेवर साखर जळत नाही. आपण मात्र उघड्या निखाऱ्यावर अर्ध्या तासात कोंबडी उतरवतो. साखर 160 अंशांच्या पुढे रंग बदलते आणि लगेच करपते. म्हणजे आमची चटणीही चालेना आणि त्यांचं रबही. आमच्या आचेला तिसरंच काहीतरी हवं होतं.

त्यातून शेगडी मसाला तयार झाला. कृती लपवण्यासारखी नाही, घरीही करा. चार चमचे ब्याडगीची पूड, दोन चमचे जाडसर कुटलेली मिरी, दोन चमचे धनेपूड, एक जिरेपूड, दोन लसूण पावडर, एक कांदा पावडर, अर्धा चमचा मोहरीची पूड. धने-जिरे फक्त गरम करायचे, रंग बदलू द्यायचा नाही; पुढची भाजणी शेगडीवर होणारच आहे. खोबरं, तीळ, तेल अजिबात नाही. आणि वस्त्रगाळ करू नका. बारीक पूड पाणी सुटलं की चिखल होऊन बसते, जाडसर असली की पापुद्रा धरतो. आम्ही त्यासाठी डंखाची चाळण बदलली.

मीठ आम्ही मसाल्यात घालत नाही. बरेच गिऱ्हाईक यावर नाराज असतात, पण मांसात आतपर्यंत मुरतं ते मीठ. मसाला बहुतेक वरच राहतो. किलोमागे 15 ग्रॅम मीठ आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये ठेवा, मसाला शेगडीवर ठेवायच्या अर्धा तास आधी लावा.

साखरेच्या जागी आमचा कोल्हापुरी गूळ, तोही पाण्यात विरघळवून शेवटच्या पाच मिनिटांत ब्रशनं. आधी आम्ही गूळ पावडर मसाल्यातच मिसळायचो, पण ती हवेतलं पाणी ओढते आणि पावसाळ्यात पाकिटाचा दगड होतो. आता गुळाची पुडी वेगळी देतो.

पूर्वी दिवाळीनंतरही थंड असणारा डंख आता नाताळपर्यंत चालतो. देठ खुडणाऱ्या बायकांना त्या दिवसांतही हजेरी मिळते, हा माझ्या लेखी मोठा फायदा. पुण्या-मुंबईची कुरियर ऑर्डर बरी येते. हॉटेलवाले मात्र अजून भाव पाडूनच मागतात, म्हणून त्यांच्या मागे लागणं सोडलं.

हल्ली मटणासाठी मसाल्यात कच्च्या पपईची पावडर घाला, असा आग्रह होतोय. ती घालणार नाही. लोक रात्रभर लावून ठेवतात आणि सकाळी मटणाचा लगदा होतो. पपई हवी तर ताजी किसून तासभर लावा, नाहीतर कोवळं मटण देणारा खाटीक शोधा.