ग्रंथसूचीची साफसफाई: डिजिटल कौशल्यांच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा माझा अनुभव

एकोणिसाव्या शतकातील मराठी छापील पुस्तके हा माझ्या पीएच.डी.चा विषय असून, निरनिराळ्या ग्रंथालयांच्या सूचींमधून उतरवून घेतलेल्या नोंदींची एक मोठी एक्सेल फाइल माझ्याजवळ साठली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०१९ मध्ये पीएच.डी.साठी बंधनकारक केलेला संशोधन व प्रकाशन नैतिकतेचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला होता. परंतु वाङ्मयचौर्य आणि प्रकाशनव्यवहार यांवर भर असलेल्या त्या अभ्यासक्रमात स्वतः जमवलेली माहिती हाताळायची कशी, हा प्रश्न फारसा येत नाही. म्हणून ग्रंथालयाने नव्या संशोधकांसाठी घेतलेल्या डिजिटल कौशल्यांच्या प्रशिक्षणात मी नाव नोंदवले.

पाठ लायब्ररी कार्पेंट्री या, ग्रंथालयांशी संबंधित लोकांना डिजिटल कौशल्ये शिकवणाऱ्या उपक्रमाच्या खुल्या परवान्यावरील धड्यांवर आधारलेले होते. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या मिळत. काम जमले की एक आणि अडले की दुसरी लॅपटॉपवर लावायची. सर्वांदेखत हात वर करण्याचा संकोच वाटणाऱ्या ज्येष्ठ प्राध्यापकांना ही सोय विशेष मानवली, असे माझे निरीक्षण आहे. संदर्भ सांभाळणारे झोटेरो हे सॉफ्टवेअर, संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक वगैरे गोष्टी लवकर उरकल्या, आणि तसे होणेच योग्य होते. खरा वेळ गेला तो विस्कळीत नोंदी साफ करण्याच्या ओपनरिफाइन या सॉफ्टवेअरवर.

हे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये उघडत असले तरी आपल्याच संगणकावर चालते आणि मूळ फाइलला हात लावत नाही. प्रकाशनस्थळाच्या स्तंभावर फॅसेट लावताच, म्हणजे एकसारख्या नोंदींचे गट करून त्या मोजताच, ‘पुणें’, ‘पुणे’ आणि ‘पूना’ ही तीन वेगळी गावे असल्यासारखी आपापल्या संख्येसह एकाखाली एक उभी राहिली. लेखकांच्या स्तंभात ‘आपटे, हरि नारायण’ आणि ‘हरि नारायण आपटे’ या नोंदी क्लस्टरिंगने, म्हणजे मिळत्याजुळत्या नोंदी हुडकण्याच्या सोयीने, आपोआप एका गटात आणल्या, कारण त्या पद्धतीत विरामचिन्हे काढून शब्दांचा क्रम लावला जातो, ‘ह. ना. आपटे’ मात्र बाहेरच राहिले, आणि ते तेच लेखक आहेत हे मला हाताने सांगावे लागले. याहून चिवट अडचण ‘दुसऱ्या’सारख्या शब्दांची होती. त्यातील अर्धा र वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या सांकेतिक चिन्हांनी उमटतो, त्यामुळे डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला भिन्न वाटतात आणि शोधात निम्म्या नोंदी हाती लागत नाहीत.

येथे निर्णय घेणे भाग होते. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे अनुच्चारित अनुस्वार काढून टाकावेत का, असे मी विचारले, तेव्हा प्रशिक्षकांनी उत्तर न देता तो स्तंभ मला कशासाठी हवा आहे, असा उलट प्रश्न केला. विचारांती मी स्थळासाठी नवा स्तंभ काढून त्यात ‘पुणे’ हे एकच रूप ठेवले, कारण तेथे मला केवळ मोजणी करायची होती. पुस्तकांची शीर्षके मात्र छापील रूपातच ठेवली, कारण जुने लेखन हाच माझ्या अभ्यासाचा पुरावा आहे.

सर्वांत अधिक विचार सालांनी करायला लावला. पुष्कळ मुखपृष्ठांवर केवळ शके छापलेला असतो, आणि त्यात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची आपली सवय असते. पण शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने शके १८०२ चे पुस्तक १८८० मधले किंवा १८८१ च्या आरंभीच्या महिन्यांतलेही असू शकते. महिना ठाऊक नसताना एकच साल लिहिणे म्हणजे नसलेली अचूकता दाखवणे होय. त्यामुळे मी मुखपृष्ठावरील साल, संभाव्य पहिले साल आणि संभाव्य शेवटचे साल असे तीन स्तंभ केले. आलेख काढताना हे गैरसोयीचे ठरते, तरीही मला तेच बरोबर वाटते.

केलेला प्रत्येक बदल ओपनरिफाइन क्रमाने नोंदवून ठेवते आणि ती नोंद वेगळी जतन करता येते. परंतु तो बदल का केला, हे त्यात येत नाही. त्यासाठी मी फाइलसोबत एक साधी टिपणवही ठेवली. मार्गदर्शकांनी तक्त्यापेक्षा तीच अधिक बारकाईने वाचली आणि सालांविषयीचा मजकूर प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात घेण्यास सांगितले. ज्या पुस्तकांवर सालच नाही, त्यांचा छापखान्यावरून काही काळ ठरवता येतो का, हे आता पाहतो आहे.