आमची वाटचाल : कवळीपासून सुळ्यांपर्यंत

१९७९ साली वडिलांनी गिरगावातल्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत दातांची लॅब सुरू केली. त्या खोलीतून पुढे रक्तपिपासूंचे सुळे बाहेर पडतील असे त्या वेळी कोणी त्यांना सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवले असते. दंतवैद्यांकडून आलेल्या मापांवरून कवळ्या आणि कॅप तयार करून देणे, हा आमचा धंदा होता आणि आजही घर त्याच्यावरच चालते. सिनेमाचे काम हा या धंद्याला फुटलेला एक वाकडा फाटा आहे. परंतु लोक विचारतात ते त्याच्याविषयीच, म्हणून ही हकीकत प्रामुख्याने त्या वाकड्या फाट्याची आहे.

वडिलांचे एक निरीक्षण होते. नवी कवळी बसवलेला माणूस 'नीट चावता येत नाही' ही तक्रार घेऊन महिन्याने येतो, पण 'स म्हणता येत नाही' ही तक्रार दुसऱ्याच दिवशी आणतो. टाळूवरचा पत्रा थोडा जाड राहिला, की जिभेला तिची जागा सापडत नाही आणि 'सरस्वती' म्हणताना शिट्टी वाजते. अशा प्रत्येकाला ते रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगत. हा सल्ला आमच्या नाटक-सिनेमाच्या सगळ्या कामांना पुरून उरला.

१९९४ च्या सुमारास एका व्यावसायिक नाटकातले नट आमच्याकडे आले. त्यांना भूमिकेसाठी पुढे आलेले दात हवे होते. आम्ही हौसेने, कवळीच्या पद्धतीने, टाळूला घट्ट बसणारा पत्रा करून दिला. दिसायला दात उत्तम झाले होते. मात्र रंगीत तालमीत त्यांचे निम्मे संवाद तिसऱ्या रांगेतही पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पत्रा आम्ही मागून इतका कापला, की शेवटी फक्त दातांवर चढणारी एक पातळ पट्टी उरली, आणि त्या पट्टीने पुढचे सगळे प्रयोग पार पडले. त्यानंतर नाटकवाले एकमेकांना सांगून येऊ लागले. पुढे भयमालिकांसाठी सुळ्यांची मागणी आली, ती कामे फारच सोपी होती. भुताने तोंड उघडायचे, सुळे दाखवायचे, समोरच्याने किंचाळायचे, आणि दृश्य संपायचे. तिथे सुळे घालून कोणी वाक्य बोलत नसे.

२०१६ च्या पावसाळ्यात एक तरुण दिग्दर्शक आले ते मात्र बोलणारा रक्तपिपासू घेऊन. गोष्ट अशी होती, की शेकडो वर्षे जगलेल्या एका व्हॅम्पायरचा सुळा तुटतो आणि तो कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, रात्री नऊनंतर दवाखाना उघडा ठेवणाऱ्या दातांच्या डॉक्टरकडे उपचारासाठी येतो. गोष्ट ऐकून वडील इतके हसले, की त्यांनी कामाचा दर ठरवण्याआधीच होकार दिला. (दर नंतरही नीट ठरला नाही, त्याविषयी पुढे.)

दिग्दर्शकांनी मला काही जुने-नवे चित्रपट बघायला सांगितले. मी ते चित्र थांबवून थांबवून, केवळ पात्रांच्या तोंडाकडे लक्ष ठेवून पाहिले. आपल्याकडचे वेताळ, मुंजा, हडळ, समंध हे झपाटतात, चकवतात, कोंबडा-नारळ मागतात. मानेला दोन भोके पाडण्याची रीत त्यांच्यात नाही. त्यामुळे हे सुळे कसे असावेत, याविषयी आपल्याकडे आजीने सांगितलेले काही उपलब्ध नाही, आणि सगळा आधार पडद्यावरून घ्यावा लागतो. १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटात माक्स श्रेकच्या तोंडात सुळे लांब नाहीतच. उंदरासारखे पुढचे दोन दात लांब आहेत. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. त्याने नजर आणि आपले हंगेरियन वळणाचे इंग्रजी यांवर काम भागवले. १९५८ मध्ये इंग्लंडच्या हॅमर कंपनीने रंगीत चित्रपटात ख्रिस्तोफर लीच्या तोंडात रक्ताळलेले सुळे दाखवले आणि आज लहान मूलही जे चित्र काढते ते तिथून पक्के झाले. मात्र त्याच लीच्या १९६६ च्या 'ड्रॅक्युला : प्रिन्स ऑफ डार्कनेस'मध्ये त्याला एकही संवाद नाही, तो फक्त फिस्कारतो. दात करणाऱ्या माणसाला अशा चित्रपटाचा हेवा वाटतो.

विनोदी चित्रपटात ही सोय मिळत नाही, कारण तिथे हशा शब्दावर असतो आणि तो शब्द सुळ्यांच्या मधून बाहेर यावा लागतो. १९६७ चा रोमान पोलान्स्कीचा 'द फिअरलेस व्हॅम्पायर किलर्स' हा चित्रपट अमेरिकेत ज्या लांबलचक नावाने लागला, त्याच्या उत्तरार्धाचा अर्थच मुळी 'माफ करा, पण तुमचे दात माझ्या मानेत आहेत' असा होतो. तिथल्या कंपनीने त्याला कात्री लावली आणि सुरुवातीला एक कार्टून जोडले, याचा दिग्दर्शकाला राग होता. पण त्यातला आरशाचा प्रसंग आजही पाहावा. व्हॅम्पायरांच्या नाचात माणसे वेषांतर करून मिसळलेली असतात, समोर भिंतभर आरसा येतो आणि त्यात एवढ्या गर्दीपैकी फक्त तीन जिवंत माणसे दिसतात. हा खेळ काचेचा नव्हता. आरशाच्या जागी मोकळी चौकट ठेवून पलीकडे तसेच दालन उभारले होते आणि तोतये नट समोरच्यांच्या हालचाली उलट्या बाजूने करत होते. संगणक नसताना सुताराने आणि तालमीने साधलेली ती गोष्ट आहे, म्हणून आम्हा कारागीर मंडळींना ती विशेष जवळची वाटते.

मात्र आमच्या कामाचा खरा धडा मिळाला तो न्यूझीलंडच्या 'व्हॉट वी डू इन द शॅडोज' या चित्रपटातून. टायका वायटीटी आणि जेमेन क्लेमंट यांनी २००५ मध्ये आधी त्याचा लघुपट केला, २०१२ मध्ये वेलिंग्टनला पूर्ण चित्रपटाचे चित्रीकरण केले आणि २०१४ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात तो दाखवला. एकाच घरात राहणारे व्हॅम्पायर आणि खरकट्या भांड्यांवरून त्यांची होणारी भांडणे, असा तो मामला आहे. लेखकांनी संहिता लिहिली होती, पण नटांना ती न दाखवता संवाद बहुतांशी त्यांनाच जागच्या जागी सुचू दिले, आणि त्यातून शंभराहून अधिक तासांचे चित्रीकरण जमले, ज्यातून दीड तासाच्या आतला चित्रपट निवडून काढावा लागला. संकलनाचे ते कष्ट सगळे सांगतात. मला मात्र वेगळेच दिसले. कोणाला कधी वाक्य सुचेल हे ठाऊक नसेल, तर ज्याला बोलायचे आहे त्याचे दात असे हवेत, की ते तोंडात आहेत हे तो विसरला पाहिजे. चित्रपटातली बोलकी पात्रे पाहिली तर त्यांचे सुळे बेताचे आहेत. आठ हजार वर्षांचा पीटर मात्र 'नोस्फेराटू'च्या वळणावर बनवलेला, पुढे आलेल्या दातांचा आहे, आणि तो बोलत नाही. हे त्यांनी मुद्दाम केले की आपोआप झाले, ते असो. आम्ही ती विभागणी जशीच्या तशी उचलली.

आमच्या नायकाचे माप आल्जिनेटमध्ये, म्हणजे दातांचा ठसा घेण्याच्या लगद्यात घेतले, डेंटल स्टोन या कडक प्लास्टरचा साचा ओतला आणि मेणाचे सुळे लावून पाहिले. दिग्दर्शकांना पोस्टरवर शोभतील असे सुळे हवे होते, म्हणून पहिली जोडी मूळ दातापेक्षा सात मिलिमीटर लांब केली. ती घालून नटाला 'चटईला टाचणी टोचली' हे म्हणायला सांगितले, तेव्हा चटईचे काय झाले ते लिहिण्याजोगे नाही. मराठीत 'चार' मधला च वेगळा आणि 'चमचा' मधला वेगळा. दुसऱ्यासाठी जिभेचे टोक थेट वरच्या दातांच्या मागे टेकावे लागते आणि तिथे पाव मिलिमीटर अॅक्रिलिक (कवळीचे प्लास्टिक) जास्त झाले तरी तो च घसरतो. ही अडचण आम्ही पुढचे दात आणि टाळू पूर्ण मोकळे ठेवून, फक्त सुळा व त्याच्या दोन शेजाऱ्यांवर चढणारी नखाइतकी पातळ टोपी करून सोडवली.

दुसरी अडचण कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. चित्रपटात तो व्हॅम्पायर डॉक्टरांच्या पत्नीला 'वहिनी' म्हणतो, आणि संहितेत हा शब्द पानोपानी होता. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांकडे जातो, त्यामुळे प्रत्येक 'वहिनी'ला सुळ्याचे टोक ओठात रुतत होते आणि दुपारपर्यंत नटाच्या ओठावर दोन लाल ठिपके उमटले. 'वहिनी'ऐवजी 'ताई' करा, असे मी सुचवून पाहिले. दिग्दर्शक ऐकेनात, कारण त्यांचा निम्मा विनोद त्या संबोधनात होता. अखेर सुळे चार मिलिमीटरवर आणले, त्यांची टोके गोल केली आणि ती किंचित बाहेर झुकवली, म्हणजे ओठ आतल्या बाजूने निसटतो. हे करेपर्यंत पाच जोड्या वाया गेल्या. वडिलांनी नटाला जवळ बसवून सांगितले, "अहो, आठ दिवस दात घालून पेपर वाचा, मोठ्याने. अग्रलेख नको, छोट्या जाहिराती वाचा, त्यात सगळी अक्षरं येतात." नटाने ते मनावर घेतले. शेवटी तो 'वन बीएचके, वास्तुशांतीस तयार' असे इतके स्वच्छ म्हणू लागला, की दिग्दर्शकांनी ते वाक्य चित्रपटात घेतले.

चित्रीकरणाच्या चौथ्या रात्री निरोप आला, की सुळे बसत नाहीत. मी पहाटेच्या गाडीने गेलो. सेटवरच्या एका मुलाने स्वच्छतेच्या भल्या विचाराने दोन्ही टोप्या चहाच्या उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या आणि अॅक्रिलिक वाकडे झाले होते. कवळीच्या पेशंटला आम्ही 'गरम पाणी नको' हे पहिल्या दिवशी बजावतो; सिनेमावाल्यांना सांगायचे राहिले, ही चूक आमचीच होती. माझ्याजवळ साचा होता, पण फ्लास्क (अॅक्रिलिक दाबून शिजवायची धातूची पेटी) नव्हता, म्हणून न शिजवता घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकचे तात्पुरते सुळे चित्रीकरणाच्या वाड्याच्या पडवीत बसून केले आणि त्या रात्री नटाचे फक्त लांबून घ्यायचे शॉट उरकले. तेव्हापासून आम्ही बोलणाऱ्या प्रत्येक पात्राचे तीन संच करतो आणि डबीवर मोठ्या अक्षरांत 'फक्त गार पाणी' असे लिहितो.

दुसरा घोटाळा मात्र फायद्याचा ठरला. जत्रेतल्या ऑर्केस्ट्राच्या दृश्यात प्रकाशयोजनाकारांनी जांभळ्या अतिनील नळ्या लावल्या होत्या. त्या उजेडात खरे दात निळसर पांढरे चमकतात, साधे अॅक्रिलिक चमकत नाही. दुकानात नैसर्गिक दातांशी तंतोतंत जुळलेली आमची छटा तिथे काळी ठिक्कर पडली आणि नायक हसला की त्याच्या तोंडात सुळ्यांच्या जागी दोन खिंडारे दिसू लागली. मी शरमेने अर्धा झालो होतो, परंतु मॉनिटरभोवती हशा पिकला आणि दिग्दर्शकांनी त्यावर वहिनींच्या तोंडी एक वाक्य घातले : "भाऊजी, तुमचे दोन्ही गेले की हो!"

रक्ताचे कामही त्याच चित्रपटात आमच्याकडे आले. डिक स्मिथ या अमेरिकन रूपसज्जाकारांनी रूढ केलेले मक्याच्या पाकाचे रक्त प्रसिद्ध आहे, परंतु त्यांच्या जुन्या कृतीत छायाचित्रणाचे एक रसायनही असल्यामुळे ते तोंडात घेण्याजोगे नव्हते. आम्ही मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको एवढ्यावर भागवले. चव चांगली झाली, इतकी की वाड्यातल्या मुंग्यांनी रात्रीत अर्धी बरणी संपवली.

चित्रपट पूर्ण झाला, मात्र निर्मात्यांमधील वादामुळे चित्रपटगृहांपर्यंत पोचला नाही, आणि आमच्या बिलापैकी जवळजवळ निम्मी रक्कम अद्याप यायची आहे. त्याविषयी अधिक लिहीत नाही; मात्र तेव्हापासून निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय आम्ही आल्जिनेट कालवत नाही. वडिलांनी तो चित्रपट संकलनाच्या खोलीत, छोट्या पडद्यावर एकदा पाहिला आणि एकाच ठिकाणी हसले नाहीत : पडद्यावरचे डॉक्टर माप घेताना ट्रे उलटा धरतात.

२०२५ च्या दिवाळीत आदित्य सरपोतदार यांचा 'थामा' हा व्हॅम्पायरांवरचा हिंदी चित्रपट आल्यापासून सुळ्यांची चौकशी वाढली आहे, त्यात हौशी नाट्यसंस्था अधिक आहेत. आमच्या मागणीपत्रकावर पात्राच्या नावापुढचा पहिला रकाना आता 'संवाद आहेत का' असा आहे, दुसरा 'व आणि फ किती', आणि त्यानंतर लांबी. सध्या टेबलावर एका एकांकिकेचे काम आहे. सहा पात्रे आहेत, बोलणारी पाच. सहाव्याला फक्त शेवटी कपाटातून बाहेर यायचे आहे, त्याच्यासाठी मी मनाजोगे, चांगले नऊ मिलिमीटरचे सुळे करतो आहे.