सिनेच्या लष्करी बाजारात: आधी पिट्ठू वाचा, मग शिक्का

बेल्जियममधलं सिने हे नामूर प्रांतातलं छोटं गाव. एरवी जनावरांच्या बाजारासाठी आणि प्रदर्शनांसाठी वापरल्या जाणाऱ्या तिथल्या मोठ्या हॉलांमध्ये वर्षातून काही रविवारी जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरतो. दुसऱ्या महायुद्धातले पिट्ठू आणि हॅवरसॅक जमवणाऱ्यांनी एकदा तरी जावं असं हे ठिकाण आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात आर्देनच्या लढाईत अमेरिकी, ब्रिटिश आणि जर्मन सैन्य याच भागात होतं, त्यामुळे तिन्ही सैन्यांचं सामान एका छताखाली हाताळून पाहता येतं.

ब्रुसेल्सहून लक्झेंबर्गकडे जाणारी रेल्वे नामूरमार्गे सिनेला थांबते. बाजाराच्या तारखा निघण्यापूर्वी नक्की करून घ्या. सकाळी दारं उघडतानाच आत असावं, कारण चांगला माल पहिल्या तासात विक्रेतेच एकमेकांकडून उचलतात. दुपारनंतर टेबलं आवरायला लागतात; तेव्हा भाव खाली येतो, पण उरलेला मालही तसाच असतो. रोख युरो, सुट्ट्या नोटांसह, जवळ ठेवा. सोबत लहान टॉर्च, भिंग, मोजपट्टी आणि सुती हातमोजे घ्या. जुन्या कॅनव्हासची धूळ आणि बुरशी घशाला लागते, म्हणून मास्कही असू द्या.

आता मुद्द्याचं. शिक्का, म्हणजे कापडावर छापलेली उत्पादकाची खूण आणि वर्ष, हा पुराव्याचा शेवटचा भाग आहे, पहिला नाही. आधी कापड, शिवण, बकलं आणि घडण बघून हा पिट्ठू कुठला आणि साधारण कोणत्या वर्षाचा हे स्वतःशी ठरवायचं आणि मगच झाकण उलटायचं. शिक्का त्या अंदाजाशी जुळला तर विश्वास ठेवा. नवशिके नेमकं उलट करतात: आधी १९४२ वाचतात आणि मग बाकी सगळं त्यात बसवत जातात.

सर्वात जास्त दिसतो तो ब्रिटिश १९३७ पॅटर्नचा छोटा पॅक. अंदाजे २८ सेंमी उंच, २३ सेंमी रुंद, १० सेंमी खोल. आत मागे एक मोठा कप्पा आणि पुढे दोन लहान कप्पे असतात, मेस टिन (जेवणाचा डबा) आणि पाण्याच्या बाटलीसाठी. शिक्का झाकणाच्या आतल्या बाजूला: उत्पादकाची आद्याक्षरं, वर्ष आणि सरकारी मालाची खूण असलेला बाण. एमईको म्हणजे मिल्स इक्विपमेंट कंपनी, एमडब्ल्यू अँड एस म्हणजे मार्टिन राइट अँड सन्स, बीएचजी म्हणजे बॅरो हेपबर्न अँड गेल. साधा बाण ब्रिटनचा. इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण असेल तर कॅनडा, दोन डींच्या मध्ये बाण असेल तर ऑस्ट्रेलिया, आणि बाणाखाली आय असेल तर भारत.

सिनेत सर्वाधिक फसवणूक होते ती एबीएल (बेल्जियन सैन्याची आद्याक्षरं) मालाने. युद्धानंतर बेल्जियमच्या सैन्याने ब्रिटिश १९३७ पॅटर्नच उचलला आणि स्वतःकडे बनवून त्यावर एबीएल आणि वर्ष छापलं. घडण जवळपास हुबेहूब. तो मालही प्रामाणिक आहे, संग्रहात ठेवावा असा आहे, पण तो युद्धकालीन नाही. काही विक्रेते ब्लँकोचा, म्हणजे सैनिक कॅनव्हासला रंग देण्यासाठी लावत त्या लेपाचा, जाड थर देऊन हा शिक्का झाकतात. म्हणून झाकणाच्या आत ब्लँको दिसला की सावध व्हा: सैनिक बाहेरून, दिसणाऱ्या भागालाच ब्लँको लावायचा, आतल्या बाजूला इतका जाड लावायचं त्याला कारण नव्हतं. डेन्मार्कच्या मालावर मुकुट आणि एचटीके दिसतं, तेही युद्धानंतरचं.

पुसट शिक्का वाचायला टॉर्च समोरून धरू नका. कापडाला जवळजवळ समांतर, अगदी तिरकी धरा, म्हणजे शाई मुरलेल्या धाग्यांची रेघ उठून दिसते. मग मोबाइलवर फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवा. भिंगाखाली एकच गोष्ट बघा. खऱ्या शिक्क्यात शाई धाग्याच्या आत उतरलेली असते आणि विणीचे उंचवटे जिथे झिजलेत तिथे ती कापडासोबत झिजलेली असते. नंतर मारलेल्या शिक्क्यात शाई झिजलेल्या उंचवट्यावर ताजी बसलेली दिसते, कधी मळाच्या थरावरही. हा फरक एकदा डोळ्याला कळला की चूक क्वचितच होते.

अतिनील टॉर्च अनेकजण घेऊन फिरतात. तिचा उपयोग आहे, पण मर्यादित. कापड किंवा दोरा निळसर पांढरा चमकला तर त्यात आधुनिक उजळवणारं रसायन आहे, इतकंच कळतं. खरा जुना पॅकही कोणी डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तसाच चमकतो. मात्र फक्त शिवणीचा दोरा चमकला आणि कापड नाही, तर दुरुस्तीचा संशय घ्यावा.

अमेरिकी एम-१९२८ हॅवरसॅक ही खरं तर पिशवीच नाही. सामानाभोवती गुंडाळायचं ते कापड आहे, आणि त्याची जेवणाच्या डब्याची थैली व खालची शेपटी वेगळी होते. बाजारात ते दोन भाग बहुधा गायब असतात किंवा दुसऱ्या वर्षाचे जोडलेले असतात, म्हणून प्रत्येक भागाचं वर्ष स्वतंत्र वाचा. युद्धाच्या सुरुवातीचं कापड फिकट खाकी, पुढे गडद हिरवं, आणि हा बदल १९४३ च्या सुमारास झाला. दोन्ही रंग एकाच पॅकवर दिसले तर घाबरू नका, संक्रमणकाळात तसे पॅक बनले. मात्र १९४१ चा शिक्का आणि पूर्ण गडद हिरवं कापड हे जुळत नाही. एम-१९३६ म्युझेट बॅगवर (अमेरिकी सैन्याची छोटी कॅनव्हास पिशवी) कधी ‘ब्रिटिश मेड’ असं छापलेलं सापडतं. ती नक्कल नव्हे, अमेरिकी सैन्यासाठी ब्रिटनमध्ये बनलेला तो खरा माल आहे.

केसाळ कातड्याच्या झाकणाचे टॉर्निस्टर, म्हणजे पाठीवरचे चौकोनी पिट्ठू, दिसले की लोक थेट जर्मन म्हणून पैसे मोजतात. त्यातले बरेच स्विस असतात. स्विस पिट्ठूच्या चामड्यावर बनवणाऱ्या सॅडलरचं (चामड्याच्या कारागिराचं) नाव, गाव आणि वर्ष दाबलेलं असतं, शिवाय स्विस क्रॉस. जर्मन १९३४ च्या नमुन्याला स्वतःचे खांद्याचे पट्टे असतात. १९३९ च्या नमुन्याला ते नाहीत, वायच्या आकाराच्या पट्ट्याला अडकवायचे हुक असतात. युद्धाच्या उत्तरार्धात जर्मन मालावर उत्पादकाचं नाव जाऊन शून्याने सुरू होणारा, तिरक्या रेघांनी तोडलेला आकडा आला.

सैनिकाने स्वतः लिहिलेला क्रमांक दिसला तर तो पुसू नका. ब्रिटिश सैन्यात १९२० पासून प्रत्येक रेजिमेंटला क्रमांकांचा ठरावीक पट्टा होता, त्यामुळे पूर्ण क्रमांकावरून माणूस कुठे भरती झाला ते कळतं. १४२००००१ पासून पुढचे क्रमांक १९४२ मध्ये स्थापन झालेल्या जनरल सर्व्हिस कोअरचे, जिथे नवे भरती झालेले आधी दाखल होत.

भारतीय बाणाचा पिट्ठू सिनेत दुर्मीळ, कारण भारतीय तुकड्या इकडे नव्हे तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेशात लढल्या. इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीचे होते. भारतीय बाणाचा पॅक मिळाला आणि कापडात, शिवणीत खरा उतरला तर भावावरून सोडू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात असे पिट्ठू शोधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: हा नमुना आपल्या सैन्याने स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं वापरला, तेव्हा वर्ष वाचल्याशिवाय ‘महायुद्धाचा’ म्हणू नये.

वेळ असेल तर आर्देनच्या लढाईतल्या बास्तोन्य या गावी, तिथल्या युद्धसंग्रहालयात जा. तिथे थेट रेल्वे नाही. सिनेहून त्याच मार्गावर लिब्रामाँपर्यंत जाऊन बस पकडावी लागते, आणि रविवारी बस कमी असतात, म्हणून मुक्काम ठेवा. संग्रहालयातले पूर्ण बांधलेले पॅक जवळून बघितले की कोणता पट्टा कुठे जातो हे कळतं. आर्देनच्या जंगलात मात्र काही उकरू नका, जिवंत दारूगोळा अजून सापडतो.

घरी आणल्यावर पॅक धुऊ नये. पाण्याने ब्लँको जातो, कापड आटतं आणि शिक्काही जाऊ शकतो. मऊ ब्रश पुरे. केसाळ टॉर्निस्टरला कसर लागलेली असू शकते. हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि पिशवी न उघडता हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पितळी बकलं आणि कॅनव्हास यांच्यामध्ये आम्लविरहित कागद घाला, नाहीतर हिरवा गंज कापडात उतरतो. विमानतळावर जाण्यापूर्वी प्रत्येक कप्पा, प्रत्येक घडी उलटी करून झटका. एक जुनं काडतूस, अगदी रिकामी पुंगळीसुद्धा, निघाली तर पोलिसांपर्यंत प्रकरण जातं.