आठ हेक्स आकडे आणि तीन वर्षांची अट

फिडोनेटवरच्या मेसेजला युनिक नंबर कसा द्यायचा हा प्रश्न ऐकायला अगदीच फालतू वाटतो, घड्याळात बघा, टाइम घ्या, चिकटवा, त्यात काय एवढं. आमचा मुंबई-ठाण्यातल्या जुनी मोडेमं जपून ठेवणाऱ्या टाळक्यांचा एक ग्रुप आहे, तिथे परवा हाच विषय निघाला आणि मध्यरात्र उलटून गेली तरी कोणी झोपायचं नाव घेईना, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

ज्यांना फिडोनेट माहीतच नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १९८४ साली टॉम जेनिंग्सने सॅन फ्रान्सिस्कोत हे नेटवर्क सुरू केलं, घरच्या पीसीवर चालणाऱ्या बीबीएस (मोडेमने फोन लावून उघडायचे मेसेज-बोर्ड) रात्री एकमेकींना फोन लावून मेसेजची देवाणघेवाण करायच्या. १९८६ मध्ये त्यावर एकोमेल आलं, म्हणजे एकाने लिहिलेला मेसेज सगळ्या बोर्डांवर कॉपी होत जायचा, आणि खरी कटकट इथून सुरू झाली. कारण कोणीतरी कुठेतरी एक जादा लिंक जोडली की तोच मेसेज गोल फिरून परत दारात. फोनचं बिल तुम्ही भरताय आणि कालचंच वाचताय! मग पाठवणाऱ्याचं नाव, विषय, तारीख असं सगळं ताडून डुप्लिकेट ओळखायचे, पण ते अंदाजपंचेच.

डिसेंबर १९९१ मध्ये जिम नटने एफटीएस-०००९ नावाचं स्टँडर्ड लिहिलं. मेसेजच्या आत कंट्रोल-ए ने सुरू होणारी एक लपलेली ओळ, तिच्यात पाठवणाऱ्या सिस्टिमचा पत्ता आणि पुढे आठ हेक्स आकड्यांचा (० ते ९ आणि A ते F) सिरियल नंबर, बस. उत्तर देणाऱ्याने तीच ओळ रिप्लाय म्हणून आपल्या मेसेजात टाकायची म्हणजे धागा जुळतो. अट एवढीच की एका सिस्टिमवरून तीन वर्षांत तोच नंबर दोनदा जाता कामा नये. नंबर बनवायचा कसा? ते ज्याचं त्याने बघावं.

मला यातली पत्त्याची आयडिया जाम आवडते, कारण पत्ता आधीच युनिक आहे म्हटल्यावर जगात दुसरीकडे कोणी काय नंबर देतंय याच्याशी आपल्याला घेणंदेणंच नाही, भांडण झालं तर ते आपल्याच घरात. आणि ते होतंच. युनिक्स टाइम (१९७० पासून मोजलेले सेकंद) बरोब्बर आठ हेक्स आकड्यांत बसतो म्हणून लोक तोच टाकून मोकळे होतात, पण महिन्याचे नियम वीस एरियांत (म्हणजे विषयवार चर्चांत) पोस्ट करणारा रोबो एका सेकंदात वीसच्या वीस मेसेज काढतो, मग सगळ्यांचा नंबर एकच. बरं, जुन्या पीसीची बॅटरी मेली की घड्याळ प्रत्येक बूटला १ जानेवारी १९८० वर जातं, म्हणजे रोज तोच दिवस आणि जवळपास तेच नंबर.

मग कोणीतरी म्हणतं मजकुराचा सीआरसी-३२ काढा, म्हणजे मजकुरावरूनच हिशेब करून येणारा ३२ बिटांचा आकडा. पण नियमांचा मेसेज दर महिन्याला अक्षरशः तोच असतो, सीआरसी तोच येणार, आणि पुढचा बोर्ड तो डुप्लिकेट समजून कचऱ्यात टाकणार (नियम कोणी वाचत नाही हा भाग वेगळा). सरळ रँडम घ्यावा तर ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी नंबर, खूप वाटतात, पण १० हजार मेसेज झाले की कुठेतरी टक्कर झालेली असण्याची शक्यता एक टक्क्याच्या वर जाते आणि ७७ हजारांच्या आसपास ती निम्म्यावर येते. हौशी बोर्डाला चालेलही, मला नाही चालत.

काउंटर ठेवणं हेच शहाणपणाचं, फक्त तो एकच पाहिजे. एडिटर वेगळा, फाइल आल्याची घोषणा करणारा प्रोग्राम वेगळा, एरिया चालू-बंद करणारा रोबो तिसरा, आणि प्रत्येकाचा काउंटर स्वतंत्र असेल तर गणपतीच्या वर्गणीला दोन पोरं दोन पावतीपुस्तकं घेऊन निघावीत आणि दोघांचीही पहिली पावती एक नंबरचीच असावी तसं होतं. म्हणून एक सामायिक फाइल ठेवायची, आणि त्यातही गंमत अशी की नंबर फाइलच्या आत न लिहिता फाइलच्या नावातच ठेवायचा. पुढचा नंबर हवा की फाइलचं नाव बदलायचं, दोन प्रोग्राम एकदमच आले तर एकाचंच नाव बदलणं यशस्वी होतं, दुसऱ्याला ती फाइलच सापडत नाही, तो परत प्रयत्न करतो. लॉकबिकची भानगड नाही.

पण फाइलच उडाली तर काउंटर शून्यावर येणार, म्हणून घड्याळही लागतंच. दोघांतला मोठा आकडा घ्यायचा, घड्याळ मागे गेलं तर काउंटर सांभाळतो, काउंटर गेला तर घड्याळ. दोन्ही एकाच दिवशी गेले तर मग बोर्ड बंद करून सरळ दादर चौपाटीवर जाऊन बसावं.

आता तीन वर्षांच्या अटीकडे बघा, लोक ती वाचून सोडून देतात. तीन वर्षांत साधारण साडेनऊ कोटी सेकंद होतात आणि आपल्याकडे नंबर आहेत ४२९ कोटी, म्हणजे सेकंदाला ४५ नंबर वाटले तरी अट मोडत नाही. सोयीसाठी ३२ धरा: युनिक्स टाइमला ३२ ने गुणायचं, खालचे ३२ बिट ठेवायचे, नंबर सव्वाचार वर्षांनी परत येतात. ६४ ने गुणलं तर दोन वर्षं आणि दीड महिन्यातच परत येतात, ते चालणार नाही. हिशेब फाइलमध्ये मात्र पूर्ण ६४ बिटांत ठेवा आणि मेसेजात फक्त खालचे आठ आकडे लिहा, नाहीतर चक्र पूर्ण झालं की मोठा-लहान बघणारा कोड गोंधळतो.

आणि पॉइंटवाल्यांनो, म्हणजे स्वतःचा बोर्ड न चालवता दुसऱ्याच्या बोर्डामार्फत (तो तुमचा बॉस नोड) मेसेज घेणाऱ्यांनो, पत्त्यात टिंबानंतरचा पॉइंट नंबर लिहायला विसरू नका. तो नसला तर तुमचा आणि तुमच्या बॉस नोडचा पत्ता एकच दिसतो, आणि मग वरचं सगळं केलं तरी तुमचे नंबर त्याच्या नंबरांना जाऊन धडकू शकतात.