तुम्ही विचारलंत म्हणून: जुना बेल्ट, नवा क्लास

कराटेत नवखी असतानाच मी क्लास बदलला, हे ज्यांना ठाऊक आहे ते एक प्रश्न हमखास विचारतात: ‘म्हणजे पुन्हा पांढऱ्या बेल्टपासून? आधीचं सगळं वाया?’ विचारणारे बहुतेक स्वतःच काठावर उभे असतात. कुणाच्या सरांचा क्लास बंद झालेला असतो, कुणाचं घर बदललेलं असतं, कुणाला आहे तिथलं वातावरण पटत नसतं. पण कमरेला यलो नाहीतर ऑरेंज बेल्ट आहे, त्यामुळे पाय निघत नाही.

आधी बेल्टचंच सांगते. नव्या क्लासला पहिल्या दिवशी पांढरा बेल्ट बांधून जा. आधी काय शिकलात ते सरांना सरळ सांगा, आणि त्यांनी आपणहून ‘तुमचा बेल्ट लावा’ म्हटलं तरच तो लावा. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. पट्ट्यांची ही शिडी काही प्राचीन नाही. जपानमधल्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही शाळा सुरू करून ज्यूदो उभा केला, आणि ‘दान’ ही श्रेणी (काळ्या पट्ट्यापासून वरचे टप्पे) व तिचा काळा पट्टा ही त्यांच्याकडची पद्धत. कराटेत, शोतोकान ही शैली घडवणाऱ्या फुनाकोशींनी पहिल्या दान पदव्या दिल्या त्या १९२४ मध्ये. काळ्याच्या खालचे रंग तर आजही ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावलेले असतात. एका क्लासमधला हिरवा दुसरीकडे निळ्याच्या जागी असतो. तायक्वांदोत कुक्कीवॉन या कोरियातल्या मुख्य संस्थेचं प्रमाणपत्र मिळतं ते काळ्या पट्ट्याच्या टप्प्याला. त्याआधीचे रंग म्हणजे तुमच्या सरांनी तुमच्याबद्दल दिलेला शब्द. तो शब्द खोटा नसतो, पण नव्या सरांनी तुम्हाला अजून पाहिलेलंच नसतं.

आता ‘वाया’चं. मी शितो-र्‍यू ही कराटेची शैली शिकत होते, तिथून शोतोकानमध्ये गेले. दोन्ही कराटेच, दोन्हींचं मूळ जपानमधल्या ओकिनावात. मला वाटलं होतं, नावं तेवढी बदलतील. गंमत अशी की पहिला गोंधळ नावांनीच घातला. ओकिनावातल्या शाळांमध्ये शिकवता यावेत म्हणून तिथले कराटे शिक्षक इतोसू यांनी पाच पिनान काता (हालचालींच्या ठरलेल्या मालिका) बसवले. फुनाकोशींनी शोतोकानमध्ये त्यांना हेइआन म्हटलं आणि पहिल्या दोघांची अदलाबदल केली. ‘शोदान’ म्हणजे पहिला, ‘निदान’ म्हणजे दुसरा. म्हणजे इथला हेइआन शोदान हा तिथला पिनान निदान. सर ‘शोदान’ म्हणायचे आणि माझं अंग दुसराच काता सुरू करायचं. रांगेत सगळे एकीकडे वळलेले आणि मी कुठल्या तरी तिसऱ्याच दिशेला.

पण हा गोंधळ लवकर सुटतो. खरा त्रास पायांचा. शितो-र्‍यूमध्ये झेनकुत्सू-दाची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहायची ढब, तुलनेने उंच आणि आखूड. शोतोकानमध्ये ती लांब आणि खोल. जिथे आम्ही नेकोआशी-दाचीत जवळजवळ सगळा भार मागच्या पायावर ठेवून पुढचा पाय नुसता टेकवायचो, तिथे इथे लांबलचक कोकुत्सू-दाची, भार मागेच पण पाय दूर दूर. मांड्या पेटतात. त्याहून वाईट म्हणजे डोक्याला नवं पटलेलं असतं, तरी थकवा आला की शरीर जुन्या जागी जाऊन उभं राहतं. अगदीच कोऱ्या माणसाला हा त्रास नसतो. माझ्यानंतर आलेली, आधी काहीच न शिकलेली मुलं लांब स्टान्स माझ्याआधी नीट घ्यायला लागली, आणि ते बघणं सुखाचं नव्हतं, हे लपवत नाही.

तरी वाया काही गेलं नाही. पंच मारताना दुसरा हात कमरेशी ओढायचा, खांदा वर चढू द्यायचा नाही, कंबर आधी फिरली पाहिजे, समोरच्याच्या हाताकडे न बघता छातीकडे बघायचं, हे सगळं सोबत येतं. ज्यूदोतून येणाऱ्याला नीट पडता येतं, आणि ही कमाई कुठल्याही मॅटवर चालते. अंतराचा अंदाजही येतो, फक्त तो नियमांप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या पद्धतीत फटका आवरून, जेमतेम टेकवायचा असतो. क्योकुशिन या कराटेच्या शैलीत अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, मांडीवर लाथा बसतात, पण चेहऱ्यावर मुठीने मारायला मनाई. ऑलिंपिकमधल्या तायक्वांदोतही डोक्याला मूठ लावायची नाही, म्हणून तिथून आलेल्यांचे हात सहज खाली राहतात. ते बॉक्सिंगला गेले की पहिले काही दिवस नाक लाल. तुमच्या जुन्या सरांनी चुकीचं शिकवलं असा याचा अर्थ नाही. त्यांनी त्यांच्या नियमांसाठी शिकवलं.

म्हणूनच नव्या क्लासमध्ये एक वाक्य गिळून टाका: ‘आमच्या आधीच्या क्लासमध्ये असं नव्हतं.’ ‘इथे हा पाय असा का?’ असं विचारलंत तर सर खूश होऊन दहा मिनिटं समजावतील. तेच तुलना करून विचारलंत तर दोघांच्याही मनात अढी बसते.

क्लास निवडायचा कसा, हेही विचारता. भिंतीवरच्या ट्रॉफ्या आणि काळ्या पट्ट्यांचे उंच लाथांचे फोटो बघून काही कळत नाही. ज्यांना येतं ते कुठेही चांगलेच दिसतात. एक तास बाजूला बसा आणि पांढऱ्या बेल्टवाल्यांकडे बघा. त्यांच्याकडे कुणी लक्ष देतंय का, की कोपऱ्यात पंच मारत ठेवलंय? फाइटच्या वेळी नवख्यासमोर सीनियर उभा राहतो तेव्हा तो वेग कमी करतो का? कुणी ‘गुडघा दुखतोय’ म्हटलं तर सर काय म्हणतात? मला विचाराल तर या शेवटच्या उत्तरावरच मी निम्मा निर्णय घेईन. बाजूला बसून बघू देत नाहीत, तिथे जाऊच नका. अमुक महिन्यांत ब्लॅक बेल्टची हमी देणारे आणि पहिल्याच भेटीत वर्षाची फी मागणारेही वगळा.

जुन्या सरांना सांगायचं का? हो, आणि समोर जाऊन. मेसेज टाकून गायब होऊ नका. कारणांची यादी द्यायची गरज नाही. ‘सर, मी आता दुसरीकडे शिकणार आहे, तुम्ही शिकवलंत त्याबद्दल आभारी आहे’ एवढं पुरतं. काही सर मोकळेपणाने आशीर्वाद देतात, काहींचा चेहरा पडतो. क्वचित कुणी दोन शब्द ऐकवतात, तेही ऐकून घ्यायचे. मात्र तिथे कुणी अंगाला नको तसा हात लावत असेल, मुलांना मारत असेल किंवा जखमी असताना जबरदस्तीने फाइटला उभं करत असेल, तर निरोप-बिरोप विसरा. निघा, आणि घरच्यांना सांगा.

बदलायचंच असेल तर नवखेपणीच बदला. ब्राउन बेल्टपर्यंत गेल्यावर पाय इतके मुरलेले असतात की मोडून बसवणं फार जड जातं, आणि मानही आड येतो. यलो बेल्टला गमावण्यासारखं असतं तरी काय!

दोन क्लास एकाच वेळी करू का, असंही कुणी कुणी विचारतं. कराटे आणि ज्यूदो असेल तर खुशाल करा, एकमेकांच्या पायात येत नाहीत. दोन वेगवेगळ्या शैलींचं कराटे मात्र एकदम नको, निदान एकातले पहिले तीन-चार काता झोपेतही चुकणार नाहीत तोवर तरी. आणि नव्या ठिकाणी लगेच ग्रेडिंगचा, म्हणजे पुढच्या बेल्टच्या परीक्षेचा, फॉर्म हातात आला, तर ‘पुढच्या वेळी बसते, सर’ म्हणून परत द्या. मी दिला होता. सरांनी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘बरं, मग आता झेनकुत्सू-दाचीत उभी राहा बघू.’