डॉक्टर व्हायचं होतं, डिग्री घेतली भाषाशास्त्राची

"आनंदीबाई तीन वर्षांत डॉक्टर झाली, मग तुला आठ कशाला लागतात गं?" आजीने नाशिकहून फोनवर विचारलं. हिशेब तिचा बरोबर होता. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १८८६ मध्ये एमडी झाल्या. तेव्हा आधी पदवी लागत नसे. १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने मेडिकल स्कूल काढली, दारातच पदवी मागितली, आणि हळूहळू बाकीचेही त्याच वाटेने गेले. आता इथे अमेरिकेत बहुतेकांना आधी चार वर्षांची कुठलीतरी पदवी, मग चार वर्षं एमडी, मग रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण. त्या 'कुठलीतरी'चा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली.

दहावी मराठी माध्यमातून करून मी न्यू जर्सीत आले. मंडळाच्या गणपतीत ज्या काकूंच्या मुलाला बीएस-एमडीची जागा मिळाली होती (म्हणजे शाळा संपतानाच पदवी आणि मेडिकल दोन्ही पक्कं), त्यांनी प्रसादाचा द्रोण हातात देता देता सांगितलं, "बायोलॉजी घे. सरळ रस्ता आहे." घेतली. दुसरं काही असू शकतं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. आमच्या डोक्यात अकरावी-बारावी सायन्स, मग एमबीबीएस, एवढाच नकाशा.

'प्री-मेड' ही डिग्री नाही हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. ती नुसती विषयांची यादी आहे. एकेक वर्ष बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स, तेही लॅबसकट. शिवाय बायोकेमिस्ट्री, इंग्रजी, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स. शाळेगणिक यात फरक पडतो. एवढं केलं की वर मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहासाचं घ्या नाहीतर संगीताचं.

दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिकमध्ये सी प्लस मिळाला. सल्लागार बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस, कोर्स परत कर, जुना ग्रेड पुसला जाईल." परत केला, ए मायनस आला, आणि युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवरून जुना ग्रेड खरंच निघून गेला. पण मेडिकलचे अर्ज 'अॅमकॅस' या सामायिक अर्ज-सेवेतून जातात आणि अॅमकॅस जुना-नवा दोन्ही मोजतं. एका रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मांडलं: सी प्लसचे २.३ आणि ए मायनसचे ३.७, सरासरी ३.०. सहा महिने घासून सी प्लसचा बी झाला होता. आईने न विचारता चहा आणून ठेवला.

त्याच सेमिस्टरला, एक रकाना भरायचा म्हणून, भाषाशास्त्राचा कोर्स घेतला होता. ध्वनिशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी विचारलं, कुणाच्या भाषेत ळ आहे? मला माइकसमोर बसवलं. मी म्हटलं, "बाळ, डोळा, केळं." पडद्यावर स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, उमटला आणि ळ जवळ आला तसा तिसरा फॉर्मंट, म्हणजे वरून तिसरा नव्हे, खालून तिसरा काळा पट्टा, खाली झुकताना दिसला. जीभ टाळूकडे वळते त्याची ती खूण. मग वर्गभर सगळे ळ म्हणायला लागले आणि एक तमिळ मुलगा सोडला तर कुणालाच जमेना. इंग्रजी उच्चारांवरून दोन वर्षं खाली मान घालून बसणारी मी त्या दिवशी वर्गाला शिकवत होते. पुढच्या महिन्यात अफेजियावर वाचलं, मेंदूच्या कोणत्या भागाला इजा झाली की माणसाची वाक्यं कशी तुटतात ते. अभ्यास म्हणून वाचतेय हे विसरले होते.

मेजर बदलायचं म्हटल्यावर बाबांनी एक्सेल उघडलं. त्यांची भीती रास्त होती: उद्या मेडिकल नाहीच मिळालं तर? मी म्हटलं, नुसती बायोलॉजीची पदवी घेऊन तरी काय मोठं मिळणार आहे. त्यांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. एएएमसी ही अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलांची संघटना दरवर्षी मेजरवार तक्ता छापते. अर्ध्याहून जास्त अर्ज बायोलॉजीवाल्यांचे, पण ह्युमॅनिटीजमधून आलेल्या मूठभरांची एमकॅटची (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची) सरासरी त्यांच्यापेक्षा कमी नाही. मला मात्र तो तक्ता तेवढा खरा वाटत नाही. ह्युमॅनिटीजमधून मेडिकलला जाणारा मुळातच हट्टी असतो. विषयाने त्याचे मार्क वाढवले असं त्यातून सिद्ध होत नाही. हे मी तेव्हा बाबांना सांगितलं नाही.

आणि याची किंमतही मोजावी लागते. अॅमकॅस दोन जीपीए, म्हणजे ग्रेडच्या सरासऱ्या, काढतं: एक सगळ्या विषयांचा, दुसरा फक्त बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा. भाषाशास्त्र दुसऱ्यात धरत नाहीत. बायोलॉजीतच राहिले असते तर माझा सी प्लस पुढच्या दहा-पंधरा कोर्सांत विरून गेला असता. आता मोजकेच सायन्सचे कोर्स, त्यामुळे तो खड्यासारखा टोचत राहिला. म्हणून जेनेटिक्स, न्यूरोबायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे तीन जास्तीचे घेतले. कुणी 'सोपं मेजर घे, जीपीए वाढेल' म्हणालं तर हे आधी विचारा.

एमकॅट म्हणजे साडेसात तासांचा दिवस. चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२, एकूण ४७२ ते ५२८. त्यातला 'कार्स' हा भाग नुसत्या उताऱ्यांचा आहे: ९० मिनिटांत ५३ प्रश्न, आणि उतारे तत्त्वज्ञान, कला, समाजशास्त्र असल्या विषयांचे. पहिल्या सराव परीक्षेत मला त्यात १२२ होते, प्रत्यक्षात १२७ आले. दोन वर्षं लेखांतला एकेक युक्तिवाद सुटा करायची सवय लागली होती, ती कामाला आली. बायोकेमिस्ट्रीत भाषाशास्त्राचा काडीचा उपयोग झाला नाही. एकूण ५१३.

अर्जाचा निबंध लिहिताना अडले. अॅमकॅस ५,३०० अक्षरं देतं, मोकळ्या जागा धरून. सुरुवातीचे मसुदे 'लहानपणापासून सेवेची आवड' छापाचे होते. मग एका इस्पितळाच्या इमर्जन्सीत स्वयंसेवक होते तेव्हाच्या एक आजी आठवल्या. नर्स विचारत होती, एक ते दहामध्ये दुखणं किती? आजी म्हणत होत्या, "ठणकत नाही गं, मधूनच चमक भरते, आणि मग हुळहुळत राहतं." फोनवरच्या दुभाष्याने सगळ्याचं मिळून 'पेन' एवढंच केलं. तेही हिंदीतून, कारण मराठी दुभाषी मिळेपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता. स्वयंसेवकाला दुभाष्याचं काम करायची परवानगी नसते. मी ब्लँकेट घेऊन उभी राहिले. ठणकणं, चमक आणि हुळहुळणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, एवढंच मी निबंधात लिहिलं.

पदवीनंतर एक वर्ष मेडिकल स्क्राइबची, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी टिपून घ्यायची, नोकरी केली आणि त्याच वर्षी २२ ठिकाणी अर्ज केले. तीन मुलाखती आल्या. तिन्हीकडे पहिल्या पाच मिनिटांत तोच प्रश्न, भाषाशास्त्र का? एका डॉक्टरांनी तर मला ळ म्हणून दाखवायला लावला. सी प्लसबद्दल एकानेच विचारलं. पुसण्याचा घोळ सांगितल्यावर ते हसले, पण वहीत काहीतरी लिहिलंच. दोन नकार आणि एक वेटलिस्ट. ज्यांच्याकडे जास्त जागा असतात त्यांना ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकी सोडाव्या लागतात, मग वेटलिस्ट हलते. माझा फोन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आला. मी पार्किंगमध्ये डबा खात होते.

पहिलं सेमिस्टर जड गेलं. बायोलॉजीवाले ज्या आठवड्यात क्रेब्ज सायकल उजळणी म्हणून बघत होते, त्या आठवड्यात मी रात्री दोनपर्यंत जागत होते. मग डोक्याचं आणि मानेचं विच्छेदन आलं. जिभेखालून बारावी क्रेनियल नर्व्ह, जीभ हलवणारी हायपोग्लॉसल, शोधायची होती. चिमट्याने ती हलकेच उचलून धरली आणि नकळत माझी जीभ मागे वळली.

"काय पुटपुटतेस?" समोरच्याने विचारलं.

"बाळ," मी म्हटलं.